आडवा शब्द, चार नंबर

पत्र :

मी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी अहिराणी बोलतात, काहींच्या घरी पावरी. दरवर्षी गॅदरिंगला त्याच त्या गाण्यांवर नाच बसवून मी कंटाळले आहे. मला स्वतःला जुन्या संगीत नाटकांचं वेड आहे आणि माझ्या मुलांना शब्दकोडी फार आवडतात. म्हणून यंदा ‘शाकुंतल’, ‘सौभद्र’, ‘शारदा’ आणि ‘एकच प्याला’ या चार नाटकांवर मिळून एक मोठं शब्दकोडं तयार केलं. आधी नाटकांची, नाटककारांची आणि पात्रांची माहिती फळ्यावर लिहून दिली. शब्द एकमेकांत बसतच नव्हते, म्हणून बरीच नावं सुटी ठेवली. मुलांनी कोडं भराभर सोडवलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, “सुभद्रा कोण?” एक जण उभा राहून म्हणाला, “मॅडम, आडवा शब्द, चार नंबर.” वर्ग हसला, मीही हसले, पण ते उत्तर डोक्यातून जात नाही. कोड्याचा मार्गच चुकीचा आहे का? ही नाटकं या वयाला जड आहेत का? मुलांच्या भाषेचं काय करू? सहकारी म्हणतात, आधी वाचन-लेखन पक्कं होऊ द्या, नाटकं कसली काढता. त्यात दिवाळीनंतर कापूस वेचणीमुळे निम्मा वर्ग आज असतो, उद्या नसतो. पुढच्या वेळी शब्दशोध करावा म्हणते. माझं कोडं सोबत पाठवते आहे.

– एक शिक्षिका

उत्तर :

ताई, त्या मुलाचं उत्तर बरोबर आहे. तुम्ही त्याला सुभद्रा जिथे दाखवलीत तिथेच त्याने ती पाहिली. ती कोणावर रुसली, तिचं लग्न कोणाशी ठरत होतं, ते मोडायला कृष्णाने काय उचापती केल्या, यातलं काहीही तुमच्या चौकटींत नव्हतं. होतं ते तीन घरांचं एक नाव. कोडं सोडवणाऱ्याला तेवढंच पुरतं, त्याने तेवढंच घेतलं. त्याला शाबासकी द्या आणि कोडं मात्र बदला.

मार्ग चुकीचा नाही. कोड्यात विचारलेल्या गोष्टी चुकीच्या होत्या. तुमचं कोडं मी नीट पाहिलं. ‘१८८० साली रंगभूमीवर आलेले नाटक’, ‘संगीत शारदाचे लेखक’, ‘सुधाकरच्या पत्नीचे नाव’ असे सगळे क्लू. हे स्पर्धा परीक्षेचे प्रश्न झाले. नाटकात कोणाला तरी काहीतरी हवं असतं, कोणीतरी आडवं येतं, आणि एकाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नसते. चौथीतल्या मुलाला यातलं सगळं कळतं. वर्गात पट्टी कोणी लपवली हे त्याला माहीत असतं आणि मॅडमना माहीत नसतं, हे नाटक तो रोज करतो. म्हणून क्लूमध्ये नाटकाबद्दलची माहिती घालू नका. क्लू थेट पात्राच्या तोंडी द्या.

बघा. ‘शीघ्रकोपी ऋषी’ असा क्लू दिला तर मूल फळ्याकडे बघून ‘दुर्वास’ लिहील. तेच असं द्या : “मी दारात उभा राहून हाक मारली. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. आता भोग म्हणावं!” आता मुलाला आठवावं लागतं की दारात कोण आलं होतं, आत कोण बसलं होतं आणि तिला ऐकू का गेलं नाही. आणि नियम असा करा की उत्तर लिहिण्याआधी तो क्लू मोठ्याने म्हणायचा, ज्याचा आहे त्याच्या आवाजात. दुर्वासाचा क्लू पुटपुटून चालणार नाही. म्हणजे कोडं सोडवता सोडवता संवाद पाठ होतो आणि तुम्हाला ‘पाठांतर करा’ असं एकदाही सांगावं लागत नाही.

आणखी काही देते, हवे तर जसेच्या तसे वापरा. “माझ्या पोटातून सोनं निघालं, पण मला त्याचा काय उपयोग?” (मासा). “मी बोटात असते तर हे रामायण घडलंच नसतं.” (अंगठी, आणि इथे कोणी हुशार पोर म्हणेल की मॅडम, हे रामायण नाही, शकुंतलेची गोष्ट महाभारतातली आहे, तर त्याला जवळ बोलावून पाठ थोपटा.) “ती सासरी निघाली आणि मी तिचं वस्त्र मागून ओढून धरलं.” (हरिण). “ए सिंहाच्या पिल्ला, आ कर, दात मोजू दे.” (भरत). यातला मासा, अंगठी आणि हरिण बोलत नाहीत, पण मुलांच्या जगात सगळंच बोलतं.

तुम्ही म्हणाल, सगळी उदाहरणं ‘शाकुंतल’चीच का? कारण माझा दुसरा सल्ला तोच आहे : चार नाटकं सोडा, एक धरा. चार नाटकं एका कोड्यात कोंबली की मुलांच्या डोक्यात सुधाकर द्वारकेला जातो आणि अर्जुन प्याला उचलतो. ‘शाकुंतल’ घ्या असं मी म्हणते, त्याचं कारण किर्लोस्करांचा मान किंवा १८८० हे साल नाही. त्या कथेत हातात धरता येतील अशा वस्तू आहेत. अंगठी, मासा, हरिण, भुंगा, सिंहाचं पिल्लू. आणि एक हरवलेली वस्तू सापडेपर्यंतची ती गोष्ट आहे. त्या वयाला प्रेमकथेपेक्षा हरवलं-सापडलं जास्त भिडतं. दुष्यंत-शकुंतलेचं लग्न ‘वनातच त्यांनी लग्न केलं, राजाने तिला आपल्या नावाची अंगठी दिली’ एवढ्यावर भागतं.

पण कोडं पहिल्या दिवशी देऊ नका. आधी गोष्ट सांगा, तीसुद्धा एका दमात नाही. ‘राजा तुला विसरेल’ हा दुर्वासाचा शाप झाला की थांबा. शाळा सुटू द्या. दुसऱ्या दिवशी मुलं येतील तीच विचारत की पुढे काय झालं. कण्वाच्या आश्रमातून शकुंतला सासरी निघते तो भाग सांगताना तुमच्याकडे एक मोठी सोय आहे, जी पुण्या-मुंबईच्या बाईंकडे नाही : आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला माहेरी आलेली आत्या झोके घेऊन, गौराईची गाणी म्हणून परत सासरी निघते, तेव्हा आजी काय करते, आजोबा कुठे तोंड फिरवून उभे राहतात, हे मुलांनी पाहिलेलं आहे. त्यांना आधी ते बोलू द्या. मग सांगा की कण्व हे संसार सोडलेले ऋषी, आणि त्यांनाही तसंच झालं. यानंतर कण्वाच्या तोंडचा क्लू तुम्ही लिहायची गरज नाही, मुलंच लिहितील.

आता कोडं बांधण्याची गोष्ट, कारण तुमच्या पत्रात खरी अडचण तिथे दिसते. तुम्ही लिहिता की शब्द एकमेकांत बसतच नव्हते, म्हणून बरीच नावं सुटी ठेवली. देवनागरी कोड्यात एका घरात एक अक्षर बसतं, आणि अक्षर म्हणजे काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट, जोडाक्षर असेल तर तेही अख्खं. त्यामुळे ‘शकुंतला’च्या ‘श’वरून ‘शाप’ खाली सोडायचा मोह होतो, पण श आणि शा एका घरात नांदत नाहीत. ‘मेनका’च्या ‘का’वर ‘कण्व’ येत नाही. उपाय असा की बिनकान्याची, साधी अक्षरं शोधून तिथे शब्द अडकवायचे. ‘मेनका’ आणि ‘अनसूया’ न वर छान अडकतात.

एक छोटी चौकट सांगते, चौकटीच्या वहीवर काढून बघा. तिसऱ्या ओळीत आडवा ‘श-कुं-त-ला’, पहिल्या घरापासून चौथ्यापर्यंत. तिसऱ्या घरातल्या ‘त’वर वरून येणारा उभा ‘दु-ष्यं-त’ संपतो. त्या ‘दु’पासून पहिल्या ओळीत आडवा ‘दु-र्वा-स’. आणि त्याच्या ‘स’वरून खाली ‘स-खी’. झालं, चार शब्दांचं कोडं. आणि गंमत बघा, राजा आणि शकुंतला जिथे भेटतात त्याच राजाच्या दुसऱ्या टोकाला दुर्वास बसलेला आहे. मुलांना हे दाखवा. आपण मुद्दाम केलं नाही, अक्षरांनीच केलं.

अजून एक. पहिल्या ओळीच्या पहिल्या घरात ‘भ’, दुसऱ्या ओळीच्या दुसऱ्या घरात ‘र’ लिहिलात तर तिरका ‘भरत’ बरोबर त्याच ‘त’वर येऊन थांबतो. आई, बाप आणि मुलगा, तिघांचा त एकच. नियमाच्या शब्दकोड्यात तिरका शब्द चालत नाही, हे मला माहीत आहे. चौथीत चालवा. आधी मात्र सांगू नका, “भरत कुठे बसेल?” असं विचारून त्यांना शोधू द्या.

ही चौकट कागदावर सोडवली की तिथेच सोडू नका. वर्गाच्या किंवा ओट्याच्या फरशीवर खडूने मोठी काढा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर एकेक अक्षर लिहून मुलांच्या हातात द्या आणि त्यांना घरांमध्ये उभं करा. ज्याच्या हातात ‘त’ आहे त्याची पंचाईत होते. शकुंतलेची रांग त्याला इकडे वळ म्हणते, दुष्यंताची रांग तिकडे. ज्याला वाचायला अजून अडखळायला होतं अशा मुलाला हा ‘त’ द्या. दोन्ही रांगांना त्याची गरज लागते, आणि अशा मुलाला वर्गात असं क्वचित वाटतं.

तुमच्या सहकाऱ्यांच्या शंकेला माझं उत्तर याच फरशीवर आहे. ‘दुर्वास’मधला रफार कोणाच्या डोक्यावर, ‘दुष्यंत’मधला अनुस्वार वेगळं घर मागतो की नाही, ‘प्रियंवदा’ची घरं किती, यावर मुलं भांडत असतील तर ते वाचन-लेखनच चाललेलं आहे. केंद्रप्रमुख आले तर त्यांना एखादा क्लू वाचून उत्तर शोधायला सांगा, बाकी काही समजावत बसू नका.

शब्दशोध, म्हणजे अक्षरांच्या गर्दीतून नाव शोधून गोल करायचं, हा प्रकार तुम्ही पुढच्या वेळी करायचा म्हणता. करा, पण त्यातून फार अपेक्षा ठेवू नका. मुलं पाच-दहा मिनिटं शांत बसतात हा त्याचा मुख्य फायदा. डोळा कामाला लागतो, नाटक जागचं हलत नाही.

त्यापेक्षा मला एक वेगळं कोडं सुचवायचं आहे, आणि खरं तर या उत्तरातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. याला मी ‘कोणाला काय माहीत’ म्हणते. फळ्यावर तक्ता आखा. डावीकडे पात्रं : शकुंतला, दुष्यंत, कण्व, अनसूया-प्रियंवदा, दुर्वास, कोळी आणि सगळ्यात खाली ‘आपण’. वरती तीन गोष्टी : लग्न झालं आहे, शाप मिळाला आहे, अंगठी हरवली आहे. आता राजाच्या दरबारात शकुंतला येऊन उभी राहिली त्या क्षणाचा विचार करायचा आणि ज्याला जे माहीत आहे तिथे बरोबरची खूण करायची.

खुणा करायला लागलं की मजा कळते. शापाच्या रकान्यात शकुंतलेपुढे काहीच नाही. तिच्या मैत्रिणींनी तो ऐकला होता, प्रियंवदेने दुर्वासाची विनवणी करून ‘खुणेचा दागिना पाहिला की शाप सुटेल’ असा उतारा मिळवला होता, पण शकुंतलेचं मन दुखेल म्हणून दोघींनी तिला सांगितलंच नाही. आणि त्या दोघी दरबारात नाहीत, मागे आश्रमात राहिल्या आहेत. अंगठीच्या रकान्यात तर पात्रांपैकी कोणीच नाही. ती स्वतः बोट चाचपून पाहते तोपर्यंत तिलाही ठाऊक नाही. मग आश्रमातून तिच्यासोबत आलेली वडीलधारी गौतमी म्हणते की शचीतीर्थाला वंदन करताना पाण्यात पडली असेल. राजाला लग्न झाल्याचंसुद्धा आठवत नाही. म्हणजे तो खोटं बोलत नाही, आणि तीही खोटं बोलत नाही. दोघं खरं बोलतात आणि भांडण होतं! सगळ्या रकान्यांत खूण फक्त एकाच ओळीत : आपण. प्रेक्षकाला सगळं माहीत आहे आणि त्याला काही करता येत नाही. एखादी मुलगी नक्की ओरडेल, “अगं, अंगठी दाखव ना!” आणि दुसरी म्हणेल, “ती पाण्यात पडली ना!” तो तक्ता भरून झाला की त्यांना नाटक म्हणजे काय याची व्याख्या सांगायची जरूर नाही.

राजा वाईट आहे का, यावर वर्गात दोन तट पडतील. पडू द्या. तुम्ही निकाल देऊ नका.

भाषेबद्दल तुम्ही फार घाबरता, पण कालिदास तुमच्या बाजूने आहे. मूळ संस्कृत नाटकात सगळे संस्कृत बोलत नाहीत. राजा आणि ऋषी संस्कृत बोलतात. शकुंतला, तिच्या सख्या, कोळी आणि त्याला पकडणारे शिपाई प्राकृतात, म्हणजे त्या काळच्या लोकांच्या बोलीत बोलतात. एकाच रंगमंचावर अनेक भाषा, आणि प्रेक्षकांचं काही अडत नव्हतं. मग तुमच्या कोळ्याने अहिराणीत बोलायला काय हरकत आहे? माशाचा क्लू असा वाचा : “मन्हा पोटमा सोनानी अंगठी निंघनी.” वर्ग खदखदून हसेल आणि उत्तर एका सुरात येईल. गाळलेल्या जागा भरा हा प्रकारही इथे कामाचा आहे, पण एकच बरोबर उत्तर असलेला नको. राजा म्हणतो, “मी तुला ओळखत नाही.” शकुंतला म्हणते, “........” ही जागा प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेत भरायची. पावरी बोलणाऱ्या मुलांना मासा, अंगठी, हरिण यांचे त्यांचे शब्द विचारा आणि तेही चौकटीत बसवा. तुम्हाला शब्द येत नसेल तर त्यांनी तुम्हाला शिकवावा. आज्यांकडून आहणे आणि उखाणे गोळा करून आणायला सांगितलंत तर कोडी घालण्याची कला गावात आधीपासून आहे हेही मुलांना कळेल. ज्यांनी कधी पाटी धरली नाही अशा बाया पोरांना तासन्‌तास कोडी घालतात.

बसवायचंच असेल तर सगळं नाटक बसवू नका. कोळी आणि शिपायांचा तो एक प्रवेश घ्या. राजाच्या नावाची अंगठी विकायला निघालेल्या गरीब कोळ्याला दोन शिपाई, सूचक आणि जानुक, बांधून आणतात. तो जीव तोडून सांगतो की मी चोर नाही, रोहू कापताना पोटातून निघाली. शिपायांचे हात त्याला बडवायला शिवशिवत असतात. अधिकारी अंगठी घेऊन राजाकडे जातो, परत येतो तो बक्षीस घेऊन. क्षणात शिपायांचा सूर पालटतो. गावातल्या कोणालाही हा प्रवेश समजावून सांगावा लागणार नाही. “साहेब, मी चोर नही, मी मासा धरस,” हे वाक्य म्हणायला तुमच्याकडे रांग लागेल. तापीकाठच्या नातेवाइकांकडे जाळी असतील तर एक मागून आणा, तेवढं नेपथ्य खूप झालं. मूळ प्रवेशाच्या शेवटी ही सगळी मंडळी बक्षिसाच्या पैशांतून मिळून दारू प्यायला जातात! तिथे चहा करा.

हा प्रवेश गॅदरिंगच्या गोंधळात टाकू नका. माइक, साउंडवाला आणि नाचांच्या मधे चौथीचा कोळी बुडेल. मराठी रंगभूमी दिन ५ नोव्हेंबरला, विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधल्या ‘सीतास्वयंवर’च्या आठवणीचा, पण तो बहुतेकदा दिवाळीच्या आगेमागे येतो आणि शाळेत कोणी नसतं. २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, हा तुमच्या सोयीचा. तोपर्यंत वेचणीही आटोपलेली असते. अहिराणीतला प्रवेश त्या दिवशी कसा चालेल असं कोणी विचारलं, तर कालिदासाचा दाखला तुमच्याकडे आहेच.

वेचणीला जाणाऱ्या मुलांसाठी मोठा चौकटींचा तक्ता भिंतीवर कायम ठेवा आणि रोज दोन-तीनच शब्द भरा. आठवड्याने परतलेल्या मुलाला “तुझं काय काय राहिलं” हे तुम्ही सांगू नका. शेजारच्याने त्याला क्लू म्हणून दाखवायचे, तो ओळखेल ते ओळखेल, अडला की गोष्टीचा तेवढा तुकडा त्याला ऐकायला मिळेल. सांगणाऱ्याचीही उजळणी होते. वेळ लावून सोडवायच्या स्पर्धा, पहिला-दुसरा नंबर, हे सगळं या कामात नको. जो शेतावरून आला आहे तो कायम शेवटचा येतो.

मुलगे शकुंतलेची ओळ म्हणायला लाजतील. त्यांना बालगंधर्वांबद्दल सांगा. ज्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह जळगावात आहे, त्या नारायण राजहंसांनी लहानपणी गाण्याचे धडे जळगावातच गिरवले, आणि १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत गेल्यावर त्यांच्या वाट्याला जी भूमिका आली ती शकुंतलेचीच. पुरुष असून त्यांनी ती अशी केली की लोक नाव विसरले नाहीत. एखादं जुनं ध्वनिमुद्रण मोबाइलवर ऐकवा. मुलांना पहिल्यांदा ते विचित्र वाटेल, हसतीलही. दुसऱ्यांदा ऐकवू नका; कोणी मागितलं तर ऐकवा.

बाकीच्या तीन नाटकांचं थोडक्यात सांगते. ‘सौभद्र’ पुढच्या वर्षी. संन्याशाचं सोंग घेतलेला अर्जुन आणि त्याला खरा साधू समजणारा बलराम पाहून मुलं लोटपोट होतील. भावाने दुर्योधन ठरवला आहे आणि बहिणीला तो नको आहे, हेही त्यांना उचलून धरायला सोपं : “दादा, माले नही जानं दुर्योधनना घर!” ‘शारदा’ पूर्ण नको. शारदा जीव द्यायला निघते तो भाग या वयात मी घेणार नाही. पण देवलांनी १८९९ मध्ये रंगभूमीवर आणलेला तो विषय, लहान मुलीचं लग्न लावून देण्याचा, तुमच्या भागात संपलेला नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून त्यातलं एक गणित जरूर घाला. शारदेशी लग्न करायला निघालेल्या म्हाताऱ्याचं वय तिच्या मैत्रिणी चेष्टेने ‘अवघे पाऊणशे’ म्हणतात. पाऊणशे म्हणजे किती? आजच्या मुलांना पाऊण, सव्वा, दीड नीट येत नाहीत, त्यामुळे ते कोडंच आहे. उत्तर पंचाहत्तर आलं की विचारा, आणि नवरी साधारण तुमच्या ताईएवढी, तर दोघांच्या वयात अंतर किती? वजाबाकी करून झाल्यावर वर्गात थोडा वेळ कोणी बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका. ‘एकच प्याला’ हायस्कूलच्या बाईंसाठी ठेवा. ज्या मुलाच्या घरी रोज संध्याकाळी तळीराम येतो, त्याला ‘आडवा शब्द : दारूड्या नवऱ्याचे नाव’ भरायला लावणं क्रूर आहे. तुमच्या मनात ते नव्हतं हे मला ठाऊक आहे, पण तो क्लू काढून टाका.

शेवटची पायरी मुलांची. त्यांनीच कोडं तयार करून तिसरीच्या किंवा पाचवीच्या वर्गाला घालायचं. त्यांनी काय शिकलं हे तुम्हाला तिथे कळेल, वेगळी चाचणी नको. दुर्वासासाठी एखाद्याने ‘रागीट बाबा’ लिहिलं तर ठीक, त्याने नाव आणि स्वभाव लक्षात ठेवला. पण एखाद्याने “मी पाहुणा आलो, कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही,” असं लिहिलं, तर तो दुर्वासाच्या जागी उभा राहून आला. त्याचा क्लू भिंतीवर लावा, खाली त्याचं नाव घाला.

ता. क. तुमच्या जुन्या कोड्यात ‘किर्लोस्कर’ला पाच घरं दिली आहेत, म्हणून शेवटी एक घर रिकामं राहिलं आणि मुलांनी तिथे ‘जी’ लिहिलं. कि-र्लो-स्क-र, चारच घरं लागतात. ‘जी’ लिहिणाऱ्याचे मार्क कापू नका.